घरचे खिल्लार

'खिल्लार' ह्या शब्दाचा अर्थच मुळी गुरांचा कळप असा आहे. सातारा, सांगली व सोलापूर ह्या जिल्ह्यांतील चपळ गुरे ह्याच नावाने प्रसिद्ध आहेत. अशा चारपाच गाई पाळणाऱ्या घराने काय सांभाळावे, हे आम्ही येथे थोडक्यात सांगतो.

कुंपण गुरे बाहेर जाऊ नयेत म्हणून असते, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु मोकाट वळू आत येऊ नये, हाही त्याचा तितकाच मोठा उपयोग होय. काटेरी तारेने कातडे फाटते. घायपाताची दाट ओळ थोड्या खर्चात पुष्कळ वर्षे टिकते.

सुमारे ३०० किलो वजनाच्या गाईस दररोज ६ ते ७ किलो कोरडी वैरण लागते. अखंड कडबा टाकल्यास ती पाने खाऊन ताटे तुडविते. कुट्टी केल्यास नासाडी टळते. गाभण गाईस मात्र नुसता कडबा पुरत नाही. तिला हिरवा चारा, थोडी पेंड व मीठही द्यावे.

गाय दर २१ दिवसांनी माजावर येते. सकाळी माज दिसल्यास सायंकाळी निवडलेला वळू दाखवावा. सुमारे ९ महिने ९ दिवसांनी ती विते. वासरास तासाभरात चीक पाजावा. वळूचा त्याच्याच कालवडींशी संबंध येऊ नये, म्हणून तो दोनतीन वर्षांनी बदलावा.

कुंपणास एका रात्री पडलेले खिंडार चौथ्या वर्षी, खोंड जुवाखाली आणताना, कळून येते. म्हणून विद्यार्थिमित्रहो, सुटीत घरी जाल तेव्हा प्रथम कुंपणाभोवती एक फेरी मारा.