दट्ट्या, ठिणगी आणि ऑक्टेनचा आकडा

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाच्या तळाशी हात लावून पाहा. तो भाग चांगलाच गरम लागतो. ही उष्णता कोठून आली? थोडी घर्षणातून, पण पुष्कळशी हवा दाबली गेल्यामुळे. वायू झटकन दाबला की त्याचे तापमान वाढते. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. आज तिच्याच आधाराने आपल्याला समुद्रावर जायचे आहे.

गोव्याच्या किनाऱ्यावर बसून चालवायच्या जलस्कूटर तुम्ही पाहिल्या असतील. त्यांचाच एक प्रकार उभ्याने चालवायचा असतो. कावासाकी कंपनीने १९७० नंतरच्या दशकात ४०० घन सेंटीमीटरच्या टू-स्ट्रोक इंजिनाची अशी वाहने विकावयास आणली. इंजिन पंखा फिरवते, पंखा पाणी मागे फेकतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे वाहन पुढे धावते.

अधिक जोर हवा असेल तर? हौशी मंडळी इंजिनाचे हेड घासून घेतात. त्यामुळे वरची पोकळी लहान होते आणि दट्ट्या पेट्रोल-हवेचे मिश्रण जास्त दाबतो. आदर्श इंजिनाचे गणित सांगते, की मिश्रण आठ पट दाबले तर कार्यक्षमता ५६ टक्के आणि बारा पट दाबले तर ६३ टक्के येते. प्रत्यक्षातले आकडे बरेच कमी असतात, पण कल तोच.

मग दाब हवा तेवढा का वाढवू नये? आता पंप आठवा. २७ अंश सेल्सिअसची हवा आठ पट दाबली तर ती सुमारे ४१५ अंशांवर जाते. बारा पट दाबली तर सुमारे ५४० अंशांवर! त्यातच ठिणगीने पेटलेली ज्योत पुढे सरकताना उरलेले मिश्रण आणखी दाबते. ज्योत पोचण्याआधीच हे मिश्रण आपणहून भडकले, तर दाबाच्या लाटा सिलिंडरमध्ये आदळतात. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. दट्ट्याला उष्णतेपासून वाचवणारा वायूचा पातळ थर या लाटा उडवून लावतात. शुद्ध ॲल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते. त्याच्या मिश्रधातूचा दट्ट्या मग किती काळ टिकणार?

आपणहून भडकण्याला पेट्रोल किती विरोध करते, हे ऑक्टेनचा आकडा सांगतो. आयसोऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० गुण दिले आहेत. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे या दोन द्रवांच्या ९१ : ९ मिश्रणासारखे वागणारे पेट्रोल. पूर्वी हा आकडा वाढवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत. ते विषारी असल्याने भारतात २००० साली बंद झाले.

आकडा वाचताना एक सावधगिरी हवी. अमेरिकेतील पंपांवर दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. आपल्याकडे एकाच, संशोधन पद्धतीचा आकडा वापरतात. म्हणून तिकडचे ८७ म्हणजे आपले सुमारे ९१.

जलस्कूटरला हा धोका अधिक. रस्त्यावरील गाडीला उतारावर विसावा मिळतो. इथे पंखा सतत पाणी ओढत असतो, इंजिन बराच वेळ पूर्ण जोरात चालते आणि पाण्याच्या गोंगाटात नॉकिंगचा आवाज ऐकूच येत नाही. दट्ट्याला भोक पडते ते किनाऱ्यापासून दूर!

म्हणून हेड घासलेल्या इंजिनाला अधिक ऑक्टेनचे पेट्रोल द्यावे लागते. मूळ स्थितीतील इंजिनाला मात्र पुस्तिकेत लिहिलेले पेट्रोल पुरते. महाग पेट्रोलात जास्त शक्ती भरलेली नसते. ते फक्त अधिक दाब सोसते.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. हेच इंजिन उंच डोंगरातील सरोवरात चालवले, तर नॉकिंगचा धोका वाढेल की कमी होईल? तेथील हवा विरळ असते, एवढे सांगून ठेवतो. उत्तर तुम्हीच शोधा.