दुकानदारीचे शिक्षण

किरकोळ विक्रीचा व्यवसाय शिकवून येत नाही, तो गल्ल्यावर बसूनच साधतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो सर्वस्वी चुकीचा नाही. गिऱ्हाइकाचा कल ओळखणे, माल नीटनेटका मांडणे, गर्दीच्या वेळी मन शांत ठेवणे या गोष्टी अनुभवानेच अंगवळणी पडतात. परंतु अनुभवालाही मर्यादा असते. एकाच विभागात दहा वर्षे उभा राहिलेला विक्रेता त्या विभागाचा जाणकार होतो. सबंध दुकान कशाच्या आधारावर चालते, हे त्याला उमगतेच असे नाही. ही उणीव भरून काढण्याचे काम अमेरिकेत सामुदायिक महाविद्यालये करीत आली आहेत.

या महाविद्यालयांचा पदवी अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा असतो. आज चालू असलेल्या अशा सार्वजनिक संस्थांपैकी सर्वांत जुनी संस्था इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झाली. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने १९४७ साली अशा संस्थांचा विस्तार करण्याची शिफारस केली. प्रवेशाच्या सौम्य अटी, विद्यापीठांच्या मानाने कमी शुल्क आणि सायंकाळचे वर्ग यांमुळे नोकरी करणाऱ्या माणसालाही त्यांचे दार उघडे असते.

व्यापारी स्वतःही या कामी पुढे आले. अमेरिकेच्या पश्चिम भागातील खाद्यपदार्थ विक्रेत्यांच्या ‘वेस्टर्न असोसिएशन ऑफ फूड चेन्स’ या संघटनेने तेथील सामुदायिक महाविद्यालयांच्या सहकार्याने किरकोळ विक्री व्यवस्थापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम उभा केला. हिशेबशास्त्र, विपणन, कर्मचारी व्यवस्थापन, संगणक, व्यावसायिक पत्रव्यवहार व संभाषण असे विषय त्यात येतात.

या शिक्षणाने नेमके काय हाती लागते, हे एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. साठ डॉलरना घेतलेली वस्तू शंभर डॉलरना विकली, तर ढोबळ नफा चाळीस डॉलर होतो. आता त्या वस्तूवर दहा टक्के सूट द्यावी, असे विक्रेत्याला वाटते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने किंमत एक-दशांशाने उतरली. दुकानाच्या दृष्टीने मात्र नफा चाळिसावरून तिसावर आला, म्हणजे एक-चतुर्थांश गेला. पूर्वीइतकाच नफा मिळवावयाचा तर तीन नगांच्या जागी चार नग विकले गेले पाहिजेत. सूट देण्यास व्यवस्थापक का कचरतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

साठ्याचेही तसेच. वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदी किंमत १,२०,००० डॉलर आणि सरासरी साठा ३०,००० डॉलरचा असेल, तर साठा वर्षातून चार वेळा फिरला असे म्हणतात. तोच सहा वेळा फिरवता आला, तर २०,००० डॉलरच्या साठ्यावर तेवढीच विक्री होते व दहा हजार डॉलर मोकळे होतात. भरलेली फडताळे म्हणजे भरभराट, ही समजूत येथे गळून पडते. मात्र साठा फार आखडला, तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाते. हा तोल सांभाळणे हेच व्यवस्थापन होय.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे बढती मिळालीच, असे मात्र नाही. कामाच्या बदलत्या पाळ्या आणि घरची जबाबदारी यांमुळे अनेकांचे शिक्षण अर्ध्यावर राहते. म्हणूनच ज्या मालकाला शिकलेला माणूस हवा असेल, त्याने त्याच्या वर्गाची वेळ पाळीच्या वेळापत्रकात राखून ठेवली पाहिजे. असे झाले, तर कालपर्यंत केवळ आज्ञा पाळणारा नोकर त्या आज्ञेमागील कारण समजू लागतो. ज्याला कारण समजले, तो प्रसंगी मालकाची चूकही दाखवू शकतो, आणि दुकान चालविण्याची पात्रता तेथूनच सुरू होते.