खळ्यावरची रास

परभणीच्या काळ्या जमिनींत रब्बीची ज्वारी फाल्गुनाच्या सुमारास काढणीस येते. जुन्या रीतीप्रमाणें कणसें खुडून खळ्यावर आणीत. जमीन चोपून, शेणानें सारवून तयार केलेल्या त्या वर्तुळाच्या मध्यभागीं तिवडा, म्हणजे खांब, रोवलेला असे आणि त्याभोंवतीं बैलांची पात फिरे. उफणणीनंतर जी रास पडे, ती केवळ धान्याचा ढीग नव्हे, साक्षात् लक्ष्मी मानली जाई. तिच्यापाशीं कोणी पायतण घालून येत नसे. नैवेद्य दाखविल्यावांचून माप लागत नसे. पहिल्या पायलीस ‘एक’ न म्हणतां ‘लाभ’ म्हणावयाचें, मग दोन, तीन.

ह्या मोजणीकडे सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार असे सारे बलुतेदार डोळे लावून बसत. वर्षभराच्या कामाचा मोबदला येथेंच मिळावयाचा. तो हक्काचा होता खरा. पण त्यासाठीं खळ्याच्या कडेला ताटकळावें लागे, आणि अस्पृश्य मानलेल्याला तर दुरूनच पदर पसरावा लागे. जुन्या गांवगाड्याचें गोड चित्र रंगविणारे एवढा तपशील बहुधा गाळतात. खुडून झालेल्या रानांत सरवा वेचणाऱ्या गरीब बायकाही त्या चित्रांत क्वचितच दिसतात.

‘जगांत जर्मनी, भारतांत परभणी’ असें परभणीकर थट्टेनें म्हणतात. सुगीपुरती ही तुलना खरोखरच करून पाहण्याजोगी आहे. जर्मनीच्या पूर्वभागीं लुसेशिया प्रांतांत सोर्ब नांवाचे स्लाव्ह भाषा बोलणारे लोक राहतात. शेवटच्या पेंढींत धान्याचें सामर्थ्य कोंबड्याच्या रूपानें दडून बसतें, अशी त्यांची जुनी समजूत. कापणी सरल्यावर ते कमानीला मेलेला कोंबडा टांगतात. घोडा दौडवीत खालून जाणारे तरुण त्याचें मुंडकें हिसकावूं पाहतात, आणि जिंकणारा राजा ठरतो. यंत्रें आलीं तरी हा सोहळा टिकला, कारण तो शेतकामापासून सुटून जत्रा बनला होता.

खळ्याचा विधि मात्र कामांतच गुंतलेला होता. मळणीयंत्र आलें तेव्हां तिवडा गेला आणि त्याबरोबर राशीची पूजाही बहुतेक ठिकाणीं मागें पडली. ज्वारी अगदींच संपलेली नाहीं. १९७२ सालीं स्थापन झालेल्या परभणीच्या कृषि विद्यापीठानें ‘परभणी मोती’ हें वाण दिलें आहे. परंतु आतां पुष्कळ शिवारांत सोयाबीन पसरलें आहे. तें यंत्रांतून थेट पोत्यांत पडतें व आडतीवर क्विंटलानें तोललें जातें. सुताराची मजुरी रोख चुकती होते.