लाल सिलिंडर तपासणाऱ्याचा श्वास

सोसायटीच्या जिन्यात, बँकेत, शाळेच्या व्हरांड्यात लाल सिलिंडर टांगलेला असतो. त्याच्या मानेला एक कार्ड बांधलेले असते; त्यावर तारीख आणि कुणाची तरी सही. ती सही करणारा माणूस मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी सिलिंडर लटकवून तो आज सिन्नरला असतो, उद्या इगतपुरीला. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार, इमारतीतील यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘बी’ नमुन्यातील प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावे लागते. म्हणजे त्याची निम्मी धावपळ ऐन पावसात.

अशाच एका जुलैत चाळिशीतला एक तंत्रज्ञ सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात आला. डोके ठणकत होते, छातीत धडधडत होते, मघाशी दम लागला होता म्हणाला. ईसीजी व्यवस्थित, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ९८. सकाळपासून पोटात दोन वडापाव आणि चहा. पित्ताची गोळी लिहून झालीच होती. काम काय, तर ‘चेकिंगचे’. कसले चेकिंग, असे सिस्टरांनी विचारले तेव्हा उलगडा झाला. कार्बन डायऑक्साइडचा साडेचार किलोचा जुना सिलिंडर रिकामा करायचा होता. बाहेर धो धो पाऊस. म्हणून त्याने तो तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्येच सोडला. आवाजाने लोक घाबरतील म्हणून दारही ओढून घेतले.

हिशेब साधा आहे. साडेचार किलो वायू मोकळा झाला की सुमारे अडीच घनमीटर जागा व्यापतो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत हवा असते साधारण २८ घनमीटर. म्हणजे बंद खोलीत त्याचे प्रमाण आठ-नऊ टक्क्यांवर जाते. बाहेरच्या हवेत ते जेमतेम ०.०४ टक्के असते. तीन टक्क्यांना श्वास वाढतो, पाचच्या आसपास डोके दुखू लागते, धाप लागते. दहाच्या पुढे माणूस मिनिटभरात बेशुद्ध पडू शकतो. प्राणवायू कमी पडतो एवढेच कारण नाही. हा वायू रक्तात विरघळून आम्ल वाढवतो आणि मेंदूला गुंगी आणतो. रेकॉर्ड रूम बरीच मोठी होती आणि गडी दोन मिनिटांत बाहेर आला, म्हणून निभावले.

आणखी एक फसगत. धुरात अडकल्यास वाकून, जमिनीलगत सरकत बाहेर पडा, असे शिकवतात आणि ते बरोबरच आहे. कार्बन डायऑक्साइड मात्र हवेच्या दीडपट जड. तो तळाशी साचतो. तळघरात खाली बसणे म्हणजे त्यात बुडणे. कुणी आत कोसळले तर मागोमाग धावू नये. दारे उघडावीत, १०८ ला आणि अग्निशमन दलाला कळवावे. श्वसनयंत्राशिवाय आत जाणारा बहुधा दुसरा रुग्ण ठरतो.

मोकळ्या हवेत आल्यावर काही मिनिटांतच हा वायू श्वासावाटे निघून जातो. त्यामुळे रुग्णालयात पोहोचेपर्यंत तपासण्या स्वच्छ येतात, आणि निदान हाती लागते ते फक्त रुग्णाच्या सांगण्यातून. ‘चेकिंग’ एवढ्यावर भागत नाही. काय सोडले, कुठे, किती वेळ, हे सांगावे लागते. डॉक्टरांनीही विचारावे लागते. गर्दीच्या ओपीडीत तेच आधी राहून जाते.

बाकीची दुखणी हळूहळू येतात. भरलेला असा एक सिलिंडर पंधरा किलोच्या आसपास. या सिलिंडरला बहुधा दाबाचा काटा नसतो, तो वजन करूनच तपासतात. म्हणजे प्रत्येक नग उचलणे आलेच. कमरेतून वाकून उचलण्याऐवजी गुडघे वाकवून, अंगालगत धरून उचलला तर मणक्यांवरचा ताण कमी होतो. एका हातात दोन घेण्यापेक्षा दोन्ही हातांत एकेक बरा. पावडरचे सिलिंडर भरताना उडणारी बारीक धूळ दमेकऱ्याला लगेच जाणवते. तिथे तोंडाला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो.

तो तंत्रज्ञ चार तास निरीक्षणाखाली राहून घरी गेला. जानेवारीत त्याच कार्यालयात पुन्हा जाणे झाले, तेव्हा सिलिंडर त्याने गच्चीवर नेऊन सोडला. चार मजले चढावे लागले म्हणून सोबतचा वॉचमन कुरकुरला.