श्वानांवरील गोचीड : तपासणी व निष्कासन

मिरज तालुक्यातील कुपवाड १९९८ साली सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तेथे एकीकडे औद्योगिक वसाहत व दुसरीकडे शेतवस्त्या असून दोन्हीकडे राखणीसाठी कुत्री पाळली जातात. अशा कुत्र्यांवर आपल्याकडे सामान्यतः आढळणारा गोचीड र्‍हिपिसेफॅलस सँग्विनियस या गटातील तपकिरी गोचीड होय. डिंभ, अर्भक व प्रौढ या तिन्ही अवस्थांत तो प्रायः कुत्र्याचेच रक्त शोषितो. तथापि प्रत्येक वेळी पोट भरताच खाली उतरून भिंतीच्या भेगांत आश्रय घेतो. मादी तेथेच हजारो अंडी घालते. यास्तव केवळ कुत्रा स्वच्छ करून भागत नाही. त्याची बसावयाची जागाही स्वच्छ करावी लागते व भेगा बुजवाव्या लागतात.

या गोचिडाच्या लाळेतून एर्लिकिया हा जीवाणू व बॅबेसिया हा आदिजीव कुत्र्याच्या शरीरात शिरतो. बॅबेसियाच्या संक्रमणास बहुधा एक-दोन दिवस लागतात. एर्लिकियास मात्र काही तासही पुरतात. दैनिक तपासणीचे महत्त्व व तिची मर्यादा ही दोन्ही यावरून ध्यानात येतात. म्हणूनच तपासणीस पशुवैद्याने सुचविलेल्या प्रतिबंधक औषधाची जोड आवश्यक ठरते.

तपासणी करताना केसांच्या उलट दिशेने बोटे फिरवावीत. कानांची आतली बाजू, गळपट्ट्याखालील मान, पापण्या, काखा, जांघा, बोटांमधील बेचक्या व शेपटीचे मूळ ही स्थळे विशेष पाहावीत. डिंभ तिळाहूनही लहान असल्याने स्पर्शावरच विसंबून राहू नये.

गोचिडाच्या मुखांगावर मागे वळलेले दाते असतात. रॉकेल, मीठ किंवा पेटती काडी लावण्याची प्रथा याच कारणाने घातक होय : डिवचलेला गोचीड पकड सोडण्याऐवजी लाळ व पोटातील द्रव जखमेत ओकण्याचा संभव असतो. हातमोजे घालून बारीक टोकाच्या चिमट्याने त्याला त्वचेलगत धरावे व न पिळता सावकाश, सरळ वर ओढावे. पोट दाबू नये. नखाने चिरडू नये. तोंडाचा तुकडा राहिल्यास त्वचा कोरू नये. जखम जंतुनाशकाने पुसून हात साबणाने धुवावेत. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप, अन्नावरील अनिच्छा, हिरड्यांचा फिकेपणा अथवा नाकातून रक्त आल्यास रक्ततपासणी विनाविलंब करवावी.

काढलेला गोचीड फेकून न देता ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून दिनांक, स्थळ व शरीरावरील जागा यांची नोंद करावी. कर्नाटकात १९५७ साली प्रथम ओळखला गेलेला क्यासनूर अरण्यज्वर पुढे सिंधुदुर्गातही आढळला. त्याचा प्रमुख वाहक हीमॅफायसॅलिस हा अरण्यातील गोचीड कुत्र्यावरील तपकिरी गोचिडाहून भिन्न आहे. कोणत्या प्रदेशात कोणती जाती वावरते, हे अशा नोंद केलेल्या नमुन्यांवरूनच ठरते.