कुत्र्याचा बिल्ला आणि मालकाची जबाबदारी

मुंबईतील कुत्र्यांचा प्रश्न निघाला, की चर्चा बहुधा भटक्या कुत्र्यांपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. एका बाजूस प्राणिमित्र, दुसऱ्या बाजूस त्रस्त रहिवासी आणि मध्ये महापालिका, असा हा ठरलेला सामना आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांनंतर तो देशभर रंगला. या गदारोळात एका चौथ्या पक्षाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. तो पक्ष म्हणजे कुत्र्याचा मालक. पहाटे दादरच्या चौपाटीवर साखळी हाताला गुंडाळून आणि कुत्रा मोकळा सोडून फिरणारा गृहस्थ स्वतःला या वादाचा भाग समजत नाही. वस्तुतः प्रश्नाची एक किल्ली त्याच्याच हाती आहे.

या शहराला हा प्रश्न नवा नाही. जून १८३२ मध्ये मुंबईत दंगल झाली, ती कुत्र्यांवरूनच. भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेची मुदत सरकारने वाढविली होती आणि दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम ठेवले होते. इनामाच्या लोभाने कुत्री पकडणारे लोकांची पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले. कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज खवळला, अन्य समाजांचे लोक त्याला येऊन मिळाले, दुकाने बंद झाली आणि अखेर लष्कर बोलवावे लागले. धार्मिक भावना दुखावल्या हे या दंगलीचे कारण खरेच आहे. पण तिच्यात अर्थशास्त्राचाही एक धडा आहे. घरचा कुत्रा कोणता आणि बेवारशी कोणता हे ओळखण्याचे साधन नसेल, तर अंमलबजावणी करणारा आपल्या सोयीचा अर्थ लावतो.

पुढे कायद्याने असे साधन दिले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात कुत्र्यांवरील कराची तरतूद आहे. माणसाने धरून न नेलेल्या कुत्र्याच्या तोंडाला रस्त्यावर मुसके असावे, अशी जाहीर सूचना काढण्याचा अधिकारही आयुक्तांना आहे. पाळीव कुत्र्यासाठी दरवर्षी परवाना घ्यावा आणि त्यासाठी लसीकरणाचा दाखला द्यावा, असा नियम आहे. प्राण्याच्या बाबतीत हयगय करून दुसऱ्याला धोका पोहोचविणाऱ्यास १८६० च्या दंडसंहितेत सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. दंडाची ही मर्यादा १ जुलै २०२४ पर्यंत, म्हणजे दीड शतकाहून अधिक काळ, तशीच राहिली. नव्या न्याय संहितेने ती पाच हजारांवर नेली. तात्पर्य, नियमांचा तुटवडा नाही.

मग ते पाळले का जात नाहीत? कुत्रा पाळण्याचे सुख मालकाला मिळते. त्याच्या मोकळेपणाची किंमत मात्र दुसरा कोणी मोजतो. पहाटे सायकलवरून वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, झाडूवाली, गल्लीत खेळणारे पोर हे ती किंमत मोजणारे लोक. चावा घेतल्यावर लस सरकारी रुग्णालयात मोफत मिळते हे खरे. पण तिच्यासाठी चार-पाच खेपा घालाव्या लागतात आणि रोजंदारीवरील माणसाचा दर खेपेला रोज बुडतो. खेपा चुकविल्या आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, तर रोगी वाचण्याची आशा जवळजवळ नसते. ही किंमत मालकाच्या हिशेबात कोठेच येत नाही. उलट परवाना काढल्याने त्याच्या पदरात काही पडत नाही आणि न काढल्यास पकडले जाण्याची भीतीही नसते. अशा स्थितीत नियम मोडणाऱ्याला केवळ बेजबाबदार म्हणून भागत नाही. नियमाची रचनाच सदोष आहे, असे म्हणावे लागते.

इंग्लंडचा अनुभव येथे बोलका आहे. तेथील कुत्र्यांचा परवाना दीर्घकाळ चालला आणि १९८७ मध्ये रद्द झाला. त्या वेळी त्याची फी अवघी ३७ पेन्स होती. निम्म्याच्या आसपास मालक तीही भरत नसत आणि वसुलीचा खर्च उत्पन्नाहून अधिक होई. पण कुत्र्याचा मालक कोण, हा प्रश्न फीबरोबर रद्द झाला नाही. २०१६ मध्ये तेथे प्रत्येक कुत्र्याच्या शरीरात ओळख पटविणारी चिप बसविणे सक्तीचे करावे लागले. परवान्याचे खरे मोल तिजोरीत पडणाऱ्या रकमेत नसून ओळखीत आहे, हा याचा अर्थ.

दुसरा अनुभव शेजारच्या गोव्याचा. तेथे घरची, परंतु दिवसभर मोकळी हिंडणारी कुत्री पुष्कळ. कार्यालयात बसून मालकांची वाट पाहण्याऐवजी लसीकरणाची पथके घरोघर आणि गल्लोगल्ली गेली. दहांपैकी सात कुत्र्यांना लस मिळाली, की रेबीजची साखळी तुटते, हे जागतिक आरोग्य संघटनेचे गणित त्यामागे होते. २०२१ मध्ये गोवा हे देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. नियमाचा लाभ दारात आला, तेव्हा लोकांनी सहकार्य केले.

मुंबईने यातून काय घ्यावे? परवाना, लस आणि बिल्ला ही तिन्ही कामे एकाच वेळी, वॉर्डातील शिबिरात व्हावीत. निर्बीजीकरण केलेल्या कुत्र्यासाठी फी नाममात्र असावी. न केलेल्यासाठी ती अधिक असावी, कारण नको असलेली पिले अखेर रस्त्यावरच येतात. जमा होणारी रक्कम त्याच कामी खर्च व्हावी आणि वॉर्डाचा हिशेब फलकावर लागावा. साखळीचा नियम कडक करावयाचा, तर कुत्र्यांना मोकळे धावण्यासाठी कुंपण घातलेली थोडी जागा व ठरावीक वेळही द्यावी लागेल. केवळ मनाई केली, तर ती पहाटेच्या अंधारात मोडली जाईल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. कुत्रा केवळ सदनिकेतच असतो असे नाही. झोपडपट्टीतील कुटुंबही तो पाळते. त्याच्यावर फीचा बोजा टाकला, तर एके दिवशी गळपट्टा काढून कुत्रा रस्त्यावर सोडला जाईल आणि भटक्यांत आणखी एकाची भर पडेल. म्हणून तेथे फी माफच असावी. महापालिकेला उत्पन्न मिळविण्यासाठी दुसरे कर आहेत.

१८३२ मध्ये दर कुत्र्यामागे आठ आणे देऊन सरकारने दंगल विकत घेतली. आज त्याहून शहाणा खर्च करता येईल. ज्या पोराला चावा बसतो, त्याच्या आईला एवढेच कळावे लागते, की कुत्रा कोणाचा आणि त्याला लस दिली होती की नाही. याचे उत्तर गळ्यातील बिल्ल्यावर नसेल, तर पुस्तकातील सारे नियम तिच्या काय कामाचे?