बंदिवान धन्याचा वकील

९ एप्रिल १९४० रोजी पहाटे जर्मन फौजा डेन्मार्कच्या सरहद्दीत शिरल्या आणि अवघ्या काही तासांत कोपनहेगनच्या सरकारने शरणागती पत्करली, तेव्हा वॉशिंग्टनमधील डॅनिश वकिलातीचे प्रमुख हेन्रिक काउफमान यांच्यापुढे असा प्रश्न उभा राहिला की, ज्याचे उत्तर राजनीतीच्या कोणत्याही पोथीत लिहिलेले नव्हते. शेजारच्या नॉर्वेचा राजा देश सोडून लंडनला पोहोचला व तेथून त्याचे सरकार कारभार हाकू लागले. त्यामुळे नॉर्वेच्या वकिलांना हुकूम कोणाचा मानावा हा संभ्रम पडला नाही. डेन्मार्कचे राजे दहावे क्रिस्तियान मात्र प्रजेजवळ कोपनहेगनमध्येच राहिले, मंत्रिमंडळही जागेवर राहिले, आणि त्यांच्या शिक्क्यानिशी निघणाऱ्या प्रत्येक कागदामागे जर्मन पहाऱ्याची छाया पडली. वकिलाने मान द्यावा तो शिक्क्याला, की तो उमटवणारा हात मोकळा असता तर त्याने जी इच्छा व्यक्त केली असती, तिला?

काउफमान यांचा निर्णय तत्काळ झाला: परक्या सत्तेच्या दडपणाखाली निघालेले हुकूम आपण पाळणार नाही, स्वतंत्र डेन्मार्कचीच सेवा करू. १८८८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे जन्मलेला हा मुत्सद्दी रोम, पेकिंग, टोकिओ व ऑस्लो येथील नेमणुका करून १९३९ मध्ये अमेरिकेत आला होता. पूर्व ग्रीनलंडवरील नॉर्वेचा दावा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९३३ मध्ये फेटाळला, त्या काळी ते ऑस्लोलाच होते. हिमाच्छादित बेटावरील सार्वभौमत्व शेवटी कागदांवर, दाखल्यांवर आणि ते कोणाच्या नावाने केले यावर ठरते, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

आता त्याच ग्रीनलंडचे महत्त्व अकस्मात वाढले. त्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील इविग्तुत येथे क्रायोलाइट नावाचे पांढरे खनिज निघे. ते वितळवून त्यात अल्युमिना विरघळवल्यावाचून अल्युमिनियम सहजी मिळत नसे आणि अल्युमिनियमवाचून विमान बनत नसे. शिवाय युरोपवरील हवामानाचा अंदाज बांधण्यास तेथील निरीक्षणे आवश्यक होती, आणि अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांना मध्ये विसाव्यासाठी भूमी हवी होती. हे बेट जर्मनीच्या हाती पडू द्यावयाचे नाही, हा अमेरिकेचा निश्चय होता. ते तिने आपल्या मर्जीने ताब्यात घ्यावे की डॅनिश हक्क राखून करारान्वये, एवढाच प्रश्न उरला होता.

९ एप्रिल १९४१ रोजी, म्हणजे आक्रमणास बरोबर एक वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी, काउफमान व परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांनी ग्रीनलंडच्या संरक्षणाच्या करारावर सह्या केल्या. कोपनहेगनला विचारलेले नव्हते. ग्रीनलंडच्या दोघा डॅनिश गव्हर्नरांची, एस्के ब्रून व आक्सेल स्वाने यांची, संमती तेवढी घेतली होती. दस्तऐवजात काउफमान सही करतात ती ग्रीनलंडचा सार्वभौम या नात्याने असलेल्या डेन्मार्कच्या राजाच्या वतीने. ज्या राजाची आज्ञा नव्हती, त्याच्याच नावाने. पहिल्या कलमात अमेरिकेने डॅनिश सार्वभौमत्वाचा पुनरुच्चार केला, आणि पुढील कलमांत विमानतळ व तळ बांधण्याचे अधिकार मिळवले.

कोपनहेगनने करार अवैध ठरवला, काउफमान यांना बडतर्फ करून परत बोलावले व त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला. हल यांनी मात्र तेथील सरकार दडपणाखाली आहे असे सांगून त्यांची मान्यता कायम ठेवली. त्याच वर्षाअखेर लंडनमधील डॅनिश वकील एडुआर्ड रेवेंटलो यांनीही कोपनहेगनशी संबंध तोडले.

डेन्मार्क ५ मे १९४५ रोजी मुक्त झाला आणि १६ मे रोजी, म्हणजे दोन आठवडेही उलटण्यापूर्वी, तेथील संसदेने त्या कराराला मंजुरी दिली. ज्याच्यावर राजद्रोहाचा आरोप होता तोच आता मुक्तीच्या मंत्रिमंडळात बिनखात्याचा मंत्री झाला. पुढे ४ एप्रिल १९४९ रोजी उत्तर अटलांटिक कराराखाली परराष्ट्रमंत्री गुस्ताव रासमुसेन यांच्याबरोबर डेन्मार्कतर्फे सही झाली तीही त्यांचीच, आणि वॉशिंग्टनमधील मुक्काम त्यांनी १९५८ पर्यंत केला.

तथापि या चरित्राचे मोल ठरवताना त्याच दस्तऐवजाचे दहावे कलम दृष्टीआड करता येत नाही. अमेरिका खंडाच्या सुरक्षिततेवरील तत्कालीन संकट टळले, असे उभय पक्षांस मान्य होईतो करार चालू राहावयाचा होता. आणि संकट टळल्याची कबुली बलवान पक्ष सहसा लवकर देत नाही. युद्ध संपले तरी अमेरिकन सैन्य राहिले; १९४६ मध्ये ते बेट दहा कोटी डॉलरच्या सोन्याला विकत घेण्याचा प्रस्तावही आला, जो डेन्मार्कने स्वीकारला नाही. १९५१ च्या नव्या कराराने ती व्यवस्था पक्की केली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी थूले येथील तळाच्या विस्तारासाठी तेथील शंभराहून अधिक इनुइट रहिवाशांना आपली घरे सोडून उत्तरेस कानाक येथे जावे लागले. त्यांना न्यायालयाकडून भरपाई मिळण्यास १९९९ साल उजाडले.

दोष आहे तो येथे, आणि तो एकट्या काउफमान यांचा नव्हे: राजाच्या नावाने, सरकारविरुद्ध, गव्हर्नरांच्या संमतीने सर्व काही झाले, ज्यांची भूमी होती त्यांना मात्र कोणी विचारले नाही. तरीही मला त्या वकिलाविषयी आदरच वाटतो; कारण मुखत्यारी हाती नसताना त्याने जे केले, त्यात पहिल्या कलमाने धन्याचा हक्क सुरक्षित ठेवला आणि धनी मोकळा होताच तो करार संसदेपुढे मंजुरीस आला. ज्याने हुकूम मोडला त्याच्या निष्ठेची परीक्षा बंडाच्या दिवशी होत नाही. मोकळा झालेला धनी हिशेब मागतो, तेव्हा होते.